भरतीची वेळ पाहून निघा: शरद स्थलांतरात किनाऱ्यावरचा एक दिवस

रानात पक्षी बघायचे तर पहाटे उठावं, हे सगळ्यांना माहीत असतं. किनाऱ्यावर मात्र पहाटे पोचूनही पदरी काही पडत नाही, असं पुष्कळदा होतं. ओहोटीने पाणी लांब गेलेलं असतं, समोर नुसता चिखल पसरलेला, आणि पार टोकाला पाण्याच्या कडेवर काही ठिपके हलत असतात. तीच जागा चार तासांनी, पाणी चढत आलं की, पक्ष्यांनी गजबजून जाते. म्हणून इथे दिवस आखताना पाण्याचा हिशेब आधी धरला आहे आणि घड्याळाचा नंतर.

पुढचं बरंचसं वेडर पक्ष्यांबद्दल आहे. चिखलात, वाळूत आणि उथळ पाण्यात चोच मारून जगणारी ही मंडळी: चिखल्या, तुताऱ्या, कर्ल्यू, गॉडविट, सँडरलिंग, टर्नस्टोन. कुरव, सुरय आणि खोल समुद्रातले पक्षी वाटेत भेटतील, पण शरदातल्या किनाऱ्यावर पहिला मान वेडरांचाच, असं मला वाटतं.

कोण कधी येतं

उत्तर गोलार्धातलं हे स्थलांतर नावाला शरदातलं. त्याची सुरुवात भर उन्हाळ्यात, जुलैमध्येच होते. आर्क्टिक प्रदेशात वीण जून-जुलैच्या थोड्याशा आठवड्यांत उरकावी लागते. ज्यांची अंडी कोल्ह्याने किंवा स्कुआ या लुटारू समुद्रपक्ष्याने खाल्ली ते पक्षी तिथे रेंगाळत नाहीत, लगेच दक्षिणेकडे निघतात. त्यांच्यामागून वीण पूर्ण झालेले प्रौढ पक्षी. कर्ल्यू सँडपायपर या छोट्या तुताऱ्याचे नर पिल्लांच्या संगोपनात भागच घेत नाहीत, मीलन झालं की निघतात. त्यामुळे त्यांच्या पहिल्या तुकड्यांत विटकरी लाल पोटाचे नर जास्त असतात, मग माद्या येतात, आणि सगळ्यात शेवटी त्या वर्षी जन्मलेली पिल्लं.

ही पिल्लं आईबापांशिवाय येतात. वाट दाखवायला बरोबर अनुभवी पक्षी असेलच असं नाही, तरी दिशा त्यांना उपजत ठाऊक असते. बार-टेल्ड गॉडविट जातीचं जेमतेम पाच महिन्यांचं एक पिल्लू, उपग्रह-टॅग लावलेलं, १३ ऑक्टोबर २०२२ ला अलास्काहून उडालं आणि ११ दिवसांनी टास्मानियात उतरलं. मधे पॅसिफिक महासागर. अंतर किमान १३,५६० किलोमीटर, आणि वाटेत कुठेही थांबा नाही. चिखलात चोच खुपसून बसलेला एखादा तपकिरी पक्षी बघताना ही गोष्ट मनात असू द्या. तो तिथे का इतक्या घाईने खातोय, ते आपोआप कळतं.

या क्रमाचा उपयोग तारीख ठरवायला होतो. जुलै-ऑगस्टमध्ये प्रौढ पक्षी विणीचा रंग अंगावर घेऊनच येतात, त्यामुळे ओळख सोपी जाते. ऑगस्टच्या शेवटापासून पिल्लांची भर पडते. ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत बहुतेक प्रौढ हिवाळी करड्या पिसांत गेलेले असतात. जितकं दक्षिणेला जाल तितकं हे सगळं मागे सरकतं. ज्यांना वर्षात एकच दिवस काढता येणार आहे, त्यांनी तो सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचा काढावा. तेव्हा लाल उरलेले प्रौढ, करडे झालेले प्रौढ आणि नवी पिल्लं हे तिन्ही एका थव्यात भेटण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते.

भरतीचा तक्ता कसा वाचायचा

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती येते. दोन भरतींमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं, म्हणून आजची भरती उद्या सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. एवढं सगळे सांगतात. पण वेळेइतकीच, किंबहुना जास्त महत्त्वाची असते ती भरतीची उंची, आणि तक्त्यातला तो आकडा बरेच जण वाचतच नाहीत.

अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास, खरं तर त्यानंतर एक-दोन दिवसांनी, उधाणाची भरती येते. पाणी सगळ्यात वर चढतं आणि ओहोटीला सगळ्यात लांब जातं. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, तेव्हा पाण्याची चढउतार कमी. भांगाला चिखलाचा मोठा पट्टा भरतीतही उघडाच राहतो, पक्षी त्यावर विखरून लांबच बसतात आणि तुम्ही दिवसभर ठिपके मोजत राहता. उलट फार मोठ्या उधाणाला संपूर्ण खाजण पाण्याखाली जातं आणि पक्षी ती जागाच सोडून मिठागरांत, शेतांत किंवा एखाद्या बेटावर निघून जातात. मधली, पण उधाणाच्या बाजूला झुकणारी भरती सर्वांत चांगली. चिखल हळूहळू झाकला जातो, पक्षी तुमच्या दिशेने ढकलले जातात, आणि तरीही त्यांना टेकायला एखादी पट्टी शिल्लक राहते.

नेमकी किती उंचीला तुमच्या जागेचा चिखल बुडतो, हे तक्त्यात कुठेही लिहिलेलं नसतं. ते तिथे जाऊनच समजतं. तक्त्यातला आकडा आणि 'पाणी कुठल्या खडकापर्यंत आलं' हे दोन्ही प्रत्येक भेटीत टिपून ठेवा. तीन-चार भेटींत त्या जागेचं गणित जमतं, आणि ते कुठल्याही ॲपपेक्षा उपयोगी ठरतं.

तक्ता वाचताना आणखी काही गोष्टी बघा. तो कोणत्या बंदराचा आहे? खाडीत आतवर गेलात तर भरती त्या बंदरापेक्षा उशिरा पोचते. घड्याळाची वेळ उन्हाळ्यात पुढे करणाऱ्या देशांत तक्ता प्रमाणवेळेत आहे की बदललेल्या वेळेत, हे तपासा, नाहीतर एक तास सरळ हातचा जातो. आणि तक्ता हवामान धरत नाही. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने उतरला तर पाण्याची पातळी साधारण एक सेंटिमीटर वाढते, शिवाय समुद्राकडून जोराचा वारा असेल तर पाणी आणखी चढतं. वादळी दिवसात छापलेल्या आकड्यापेक्षा बरंच जास्त पाणी येऊ शकतं.

पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही, हेही पक्कं डोक्यात ठेवा. चढतीचे सहा तास धरले तर पहिल्या तासात एकूण चढीचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक, असा ढोबळ हिशेब असतो. म्हणजे निम्मी भरती मधल्या दोन तासांत येते. सपाट चिखलावर हे पाणी बघता बघता पायाशी पोचतं.

ऊन, वारा आणि जागा

किनाऱ्यावरचा उजेड फसवा असतो. सूर्यासमोर बघितलं की ओला चिखल चमकतो आणि सगळे पक्षी काळ्या आकृत्या होतात. पायांचा रंग कळत नाही, पाठीवरची नक्षी कळत नाही. म्हणून किनाऱ्याचं तोंड कुठे आहे ते नकाशावर बघून घ्या. पश्चिमेकडे तोंड असलेल्या किनाऱ्यावर सकाळी ऊन पाठीशी असतं, पूर्वेकडच्या किनाऱ्यावर दुपारनंतर. ऊन पाठीशी असताना पाणी चढत असेल असा दिवस शोधायचा. उत्तर गोलार्धात पश्चिम किनाऱ्यासाठी सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान येणारी भरती मला सगळ्यात आवडते. ऊन तापून चिखलावरची हवा थरथरायला लागण्याआधी महत्त्वाचं काम झालेलं असतं. एकदा ती थरथर सुरू झाली की कितीही महागडी काच असली तरी लांबचे पक्षी नुसते वितळल्यासारखे दिसतात.

वाऱ्याचाही विचार करावा. पक्षी लांबच्या उड्डाणाला पाठीमागून वारा मिळण्याची वाट बघतात. उत्तर गोलार्धात थंड हवेचा पट्टा सरकून गेल्यावर आकाश निवळतं आणि उत्तरेकडून वारा सुटतो, तेव्हा उत्तरेकडच्या थांब्यांवरून मोठ्या संख्येने पक्षी निघतात. वाटेत समोरून वारा आणि पाऊस लागला तर दमलेले पक्षी मिळेल त्या किनाऱ्यावर उतरतात. एरवी कधी न दिसणारा पक्षी दिसायचा तर तो बहुधा अशा पावसाच्या दुसऱ्या सकाळी.

सामान

दुर्बीण ८×४२ ची घ्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर रुंद भिंगाची. १० पट मोठं दाखवणारी दुर्बीण किनाऱ्यावरच्या वाऱ्यात हातात स्थिर राहत नाही. शिवाय ४२ ला ८ ने भागलं की येणारे सव्वापाच मिलिमीटर ही डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची रुंदी असते, आणि ढगाळ सकाळी ती कामी येते. स्पॉटिंग स्कोप, म्हणजे ट्रायपॉडवर लावून एका डोळ्याने बघायची मोठी दुर्बीण, असेल तर चिखलावर त्याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. तो २५-३० पटीवर ठेवून थवा चाळायचा आणि एखाद्या पक्ष्यावर खात्री करायची असेल तेव्हाच पुढे न्यायचा. ट्रायपॉड खाली ठेवून बसून बघितलं तर वाऱ्याने हलत नाही, आणि तुमची आकृतीही क्षितिजावर उभी राहत नाही.

बाकी टोपी, भरपूर पाणी, वारा अडवणारं जाकीट, वही आणि पेन्सिल. पेन्सिल अशासाठी की ओल्या कागदावरही ती उमटते.

भरतीच्या तीन तास आधी: बसायची जागा धरा

भरतीच्या तीन तास आधी पोचा. गाडीतून उतरल्याबरोबर पाण्याकडे चालत सुटू नका. आधी लांबूनच सगळा पट्टा दुर्बिणीने डावीकडून उजवीकडे एकदा चाळा आणि पक्षी कुठे कुठे आहेत त्याचा अंदाज घ्या.

मग भरतीची रेषा शोधा. वाळलेलं शेवाळ, काटक्या, शिंपले यांचा पट्टा दिसतो ना, तिथवर मागच्या भरतीला पाणी आलेलं असतं. या रेषेच्या जमिनीकडच्या बाजूला, एखादा बांध, झुडूप किंवा खडक पाठीशी घेऊन बसा. पाणी चढेल तसे पक्षी तुमच्याकडे येतील. ते चालत जवळ आले तर तुम्हाला किनाऱ्याचाच एक भाग समजतात, तुम्ही त्यांच्याकडे चालत गेलात तर शिकारी समजतात. दिवसभराच्या सगळ्या युक्त्यांमध्ये ही एक पाळली तरी पुरे.

खाली चिखलात उतरू नका. वरून घट्ट दिसणारा चिखल चार पावलांवर कमरेइतका खोल असू शकतो, आणि मागची नाळ, म्हणजे चिखलातली पाण्याची अरुंद वाट, भरून परतीची वाट कधी बंद झाली ते कळत नाही. पाय रुतलाच तर ओढाताण करू नका. मागे रेलून वजन पसरू द्या आणि पाय थोडा थोडा हलवत, भोवती पाणी शिरू देत मोकळा करा. एकटे जात असाल तर कुठे जाताय आणि कधी परतणार, हे कुणाला तरी सांगून जा. मोबाईल चार्ज केलेला हवा, आणि विजा चमकायला लागल्या तर मोकळ्या किनाऱ्यावर ट्रायपॉड उभारून बसू नका.

ओळखायचं कसं: रंग सगळ्यात शेवटी

नव्या माणसाला शरदातले वेडर म्हणजे एकाच रंगाचा गोंधळ वाटतो, कारण तो रंगापासून सुरुवात करतो. या दिवसांत पिसं बदलत असतात, त्यामुळे एकाच जातीचे पक्षी शेजारी शेजारी वेगळ्या रंगांचे दिसतात. रंग बाजूला ठेवा आणि आधी चाल बघा.

चिखल्या डोळ्यांनी शिकार करतात. त्यांचे डोळे मोठे, चोच आखूड. चार पावलं धावायचं, थबकायचं, टिपायचं, पुन्हा धावायचं. तुताऱ्या, गॉडविट, कर्ल्यू ही मंडळी स्पर्शाने शिकार करतात. चोचीच्या टोकाशी बारीक संवेदी खड्डे असतात आणि चिखलात खोल गेलेल्या चोचीचं नुसतं टोक उघडून भक्ष्य पकडता येतं. म्हणून ती मान खाली घालून एकसारखी टोचत असतात. रेड नॉट तर ओल्या वाळूत चोच खुपसून पाण्याच्या दाबातल्या फरकावरून आत लपलेला शिंपला ओळखतो, त्याला चोच लागलेली नसतानाही. वेस्टर्न सँडपायपर चिखलावरचा सूक्ष्मजीवांचा चिकट थर जिभेने खरवडून खातो. सँडरलिंगला वेगळं ओळखायची गरजच पडत नाही. ओसरणाऱ्या लाटेमागे धावत जायचं आणि येणाऱ्या लाटेपुढे धावत परतायचं, हा खेळ तो अखंड चालवतो. त्याला मागचं बोट नसतं, बहुतेक तुताऱ्यांना असतं. टर्नस्टोन खडकाळ भागात दगड आणि शेवाळ चोचीने उलथवताना सापडतो.

चालीवरून गट ठरला की आकार. थव्यातला एक ओळखीचा पक्षी धरा आणि बाकीच्यांना त्याच्याशी ताडून बघा. इतक्या लांबून 'लहान-मोठा' हे डोळ्यांना एकट्या पक्ष्यावरून कळत नाही. मग चोचीची लांबी डोक्याच्या लांबीशी मोजा: डोक्याएवढी, दीडपट, दुप्पट? सरळ, खाली वळलेली की किंचित वर? त्यानंतर पाय. चिखल लागलेले पाय सगळे काळेच दिसतात, म्हणून पक्षी पाण्यात पाय धुऊन बाहेर येईपर्यंत थांबा.

उडालेला पक्षी बसलेल्यापेक्षा पुष्कळदा सोपा असतो. ग्रे प्लोव्हर उडाला की पंखाखाली, काखेत, काळा डाग दिसतो, आणि हे लक्षण किलोमीटरभर अंतरावरूनही चालतं. ब्लॅक-टेल्ड गॉडविटच्या पंखांवर ठसठशीत पांढरा पट्टा आणि शेपूट काळी, बार-टेल्डच्या पंखांवर असा पट्टा नाही. रेडशँकच्या पंखांची मागची कड रुंद पांढरी, ग्रीनशँकचे पंख एकसारखे गडद आणि पाठीवर पांढरी पाचर. डनलिन आणि कर्ल्यू सँडपायपर बसलेले असताना भल्याभल्यांना चकवतात, पण उडाल्यावर कर्ल्यू सँडपायपरचं पांढरं शुभ्र कंबरडं दिसतं आणि प्रश्न मिटतो. यासाठी पक्षी उडवायचे मात्र नसतात. पाणी चढताना ते स्वतःच जागा बदलत राहतात.

आवाज शिकण्यात घातलेला वेळ फुकट जात नाही. व्हिंब्रेल साधारण सात शिट्ट्यांची एकाच पट्टीतली लड सोडतो, कर्ल्यू आपलं नाव वर चढवत म्हणतो, ग्रीनशँक तीन ठाम सूर देतो. धुक्यात किंवा डोक्यावरून उंच जाणाऱ्या थव्याची ओळख केवळ आवाजावरच पटते.

आता पिल्लं आणि प्रौढ. शरदात हा भेद ओळखता आला की निरीक्षणाची गोडी दुप्पट होते. पिल्लांची सगळी पिसं एकाच वेळी उगवलेली असतात, त्यामुळे ती एकसारखी ताजी दिसतात. पाठीवरच्या प्रत्येक पिसाला फिकट कड असते आणि पाठ खवल्याखवल्यांची, नीटनेटकी वाटते. प्रौढांच्या अंगावर झिजलेली जुनी पिसं आणि मधेमधे नवी करडी पिसं अशी सरमिसळ असते. तुमच्या वहीत जातीपुढे 'प्रौढ ३०, पिल्लं ४' असं लिहिता आलं तर ती नोंद नुसत्या '३४' पेक्षा कितीतरी मोलाची. थव्यात पिल्लांचं प्रमाण किती, यावरून उत्तरेकडे त्या वर्षी वीण कशी झाली याचा अंदाज बांधता येतो.

भरतीचा तास: विसाव्याचा थवा

भरतीच्या साधारण दोन तास आधीपासून एक तास नंतरपर्यंत पक्षी विसाव्याच्या जागेवर गोळा होतात. वाळूची उंच पट्टी, खडकाची रांग, जुना धक्का, मिठागराचा बांध. खाणं बंद, चोच पाठीच्या पिसांत, एक पाय वर. गणना करायची ती याच वेळी.

मोजताना आधी एकेक करून दहा पक्षी मोजा आणि त्या दहांनी थव्याची किती जागा व्यापली ते डोळ्यांत भरून घ्या. त्या मापाने शंभरचा तुकडा बांधा आणि तो तुकडा थव्यावर पुढे पुढे सरकवा. उडत्या थव्याचा आकडा बहुतेक सगळेच कमी सांगतात, म्हणून जमल्यास फोटो काढून घरी एकदा मोजून बघा. जातींचं प्रमाण वेगळं काढा: थव्याच्या तीन-चार ठिकाणी पन्नास-पन्नास पक्षी तपासले तरी चालतं. कडा सोडू नका. वेगळ्या जातीचा एकटा पक्षी कित्येकदा थव्याच्या काठावर उभा असतो.

याच तासात पक्ष्यांना सगळ्यात जास्त त्रास होतो, आणि तो बहुधा आपल्यासारख्या हौशी लोकांकडून होतो. लांबच्या उड्डाणाआधी बार-टेल्ड गॉडविटच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग चरबीचा होऊ शकतो, आणि ते वजन पेलण्यासाठी उड्डाणाआधी त्याची आतडी आणि जठर आक्रसतात. एवढ्या काटकसरीने साठवलेलं इंधन आहे हे. थवा एकदा उडवला की त्यातला काही भाग जळतो, आणि भरतीच्या वेळी तो भरून काढायला उघडा चिखलही समोर नसतो. चीन आणि कोरियाच्या मधल्या पीत समुद्राच्या किनाऱ्यांवर पन्नासेक वर्षांत भरती-ओहोटीच्या पट्ट्यातली ६५ टक्क्यांपर्यंत दलदल नाहीशी झाली. वाटेतले थांबे असे आटत चालले असताना उरलेल्या थांब्यावर तरी पक्ष्यांना स्वस्थ बसू देणं आपल्या हातात आहे.

त्यांची भाषा वाचायला सोपी आहे. झोपलेल्या पक्ष्यांनी चोची बाहेर काढल्या, माना उंचावल्या, दोन्ही पायांवर उभे राहिले किंवा तुमच्यापासून दूर चालायला लागले, की तुम्ही फार जवळ आहात. तिथेच थांबा, खाली बसा, सावकाश मागे या. उडाले तर उशीर झाला. ड्रोन अजिबात नको. पक्ष्यांचा रेकॉर्ड केलेला आवाज वाजवू नका, आणि बरोबर कुत्रा असेल तर तो दोरीला बांधलेला हवा. फोटोसाठी पक्षी उडवणारा माणूस शेजारी असेल तर त्याच्याशी शांतपणे बोला. पुष्कळांना हे माहीतच नसतं.

कधी तुम्ही काही न करताही अख्खा थवा एकदम उठतो आणि हवेत घट्ट गोळा होऊन वळसे घ्यायला लागतो. अशा वेळी थव्याकडे न बघता थव्याच्या वर बघा. बहुधा बहिरी ससाणा असतो.

पायातली कडी आणि झेंडे

विसाव्याच्या थव्यात पायांवर नजर फिरवा. काही पक्ष्यांच्या पायात अभ्यासकांनी घातलेली धातूची कडी, रंगीत कडी किंवा अक्षरं लिहिलेला छोटा झेंडा असतो. अक्षरं वाचता आली तर उत्तम. नाहीतर रंग, कोणत्या पायात, गुडघ्यासारख्या दिसणाऱ्या सांध्याच्या वर की खाली, आणि वरून खाली कोणता क्रम, हे सगळं लिहा. डावा-उजवा पाय पक्ष्याचा धरायचा, तुमच्या बाजूचा नव्हे. पूर्व आशिया ते ऑस्ट्रेलिया या उड्डाणमार्गावर झेंड्यांच्या रंगजोड्या प्रदेशानुसार ठरलेल्या आहेत, त्यामुळे अक्षरं न दिसताही पक्ष्याला कोणत्या भागात कडी घातली ते कळतं.

अशा नोंदींनीच 'बी९५' हे अक्षर-अंक असलेला एक रेड नॉट जगाला ठाऊक झाला. अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाला १९९५ मध्ये त्याला कडी घातली गेली, आणि २०१४ पर्यंत तो ठिकठिकाणच्या निरीक्षकांना दिसत राहिला. इतक्या वर्षांच्या फेऱ्यांत त्याने पृथ्वी ते चंद्र एवढं अंतर केव्हाच ओलांडलं, असा हिशेब मांडून लोकांनी त्याला 'मूनबर्ड' म्हटलं. दिसलेली कडी आपल्या देशातल्या पक्षी-कडी केंद्राला कळवा. पक्ष्याचा पूर्वेतिहास बहुधा उत्तरात मिळतो.

मेलेला किंवा आजारी पक्षी दिसला तर हात लावू नका. बर्ड फ्लूची शक्यता असते. जागा आणि फोटो संबंधित विभागाला कळवा.

ओहोटी लागल्यावर

पाणी उतरायला लागलं की भुकेले पक्षी पहिल्या उघड्या पट्टीवर तुटून पडतात. हा अर्धा-पाऊण तास फार चांगला असतो, आणि नेमका तेव्हाच बहुतेक लोक सामान आवरत असतात. थांबा. पक्षी जवळ असतात, खाण्यात गुंतलेले असतात, आणि त्यांची खाण्याची पद्धत नीट बघायला मिळते.

चिखल लांबवर उघडा पडला की किनाऱ्यामागची झुडपं बघा. रात्री प्रवास करणारे छोटे पक्षी समुद्र ओलांडल्यावर पहिल्या झाडीत उतरतात. वाळक्या शेवाळाच्या रेषेवर धोबी आणि तिरचिमण्या किडे टिपत असतात.

समुद्राकडून वारा जोरात असेल तर दुपारचा वेळ खोल समुद्रातल्या पक्ष्यांना द्या. थोड्या उंचावर, वाऱ्याच्या आडोशाला बसा, स्कोप क्षितिजाच्या किंचित खाली स्थिर ठेवा आणि पक्ष्यांना त्या चौकटीतून जाऊ द्या. शिअरवॉटर लाटांवरून पंख न हलवता तिरके सरकतात. सुरय डोकं खाली करून पाण्यात सूर मारतात. एखादा गडद पक्षी सुरयचा पाठलाग करून त्याला मासा टाकायला लावत असेल तर तो स्कुआ. कुरवांच्या वयोगटांचा अभ्यास मी पहिल्या वर्षी तरी सोडून द्यायला सांगेन. मोठ्या कुरवांना प्रौढ रंग यायला चारेक वर्षं लागतात आणि प्रत्येक वर्षी ते वेगळे दिसतात. वेडर हाताखालून गेल्यावर तिकडे वळावं.

संध्याकाळी

नोंदी त्याच दिवशी लिहून काढा. तारीख, जागा, सुरुवात आणि शेवटाची वेळ, भरतीची वेळ आणि उंची, वारा, मग जातवार आकडे. ई-बर्डसारख्या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर संपूर्ण यादी द्या, म्हणजे नेहमीचे पक्षीही त्यात यायला हवेत. ज्याची खात्री नाही त्याला 'छोटा वेडर, जात अनिश्चित' असं लिहिण्यात कमीपणा नाही. अंदाजाने टाकलेलं नाव पुढे वर्षानुवर्षं चुकीची माहिती देत राहतं. नेहमीचे पक्षी मोजण्याबद्दल माझा आग्रह अशासाठी की स्लेंडर-बिल्ड कर्ल्यू हा साध्या कर्ल्यूंच्या थव्यात मिसळणारा पक्षी १९९५ च्या फेब्रुवारीत मोरोक्कोच्या मेर्जा झेर्गा या खाजणात निर्विवादपणे शेवटचा दिसला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेने त्याला नामशेष जाहीर केलं. नेहमीचे म्हणून ज्यांच्याकडे डोळेझाक होते, त्यांच्यातच असा पक्षी असू शकतो.

दुर्बिणीच्या भिंगांवर आधी फुंकणीने हवा मारून वाळूचे कण उडवा, मगच ओलसर मऊ कापड लावा. कोरडं पुसलंत तर मीठ आणि वाळू काचेवर चरे पाडतात. ट्रायपॉडचे पाय उघडून गोड्या पाण्याने धुवा.

पुढची भेट पंधरा दिवसांनी ठेवा. एखाद्या किनाऱ्यावर उधाणाची भरती साधारण ठरलेल्या वेळीच येते, त्यामुळे पंधरवड्याने पाणी, उजेड आणि तुमची बसायची जागा जवळपास तशीच मिळेल. बदललेले असतील ते पक्षी. वहीत प्रौढ आणि पिल्लांचे आकडे वेगळे लिहिलेले असतील तर पहिल्या तुकड्या पुढे निघून गेल्याचं आणि मागून नवी पिल्लं आल्याचं तुम्हाला तुमच्याच नोंदींत दिसेल.